नवी पिकअप सेल्फ घेत नाही? पार्ट बदलण्याआधी काय तपासायचे, शोरूमकडून काय लिहून घ्यायचे

पिकअप घेऊन वर्षही झालेले नाही, हप्ते चालू आहेत, हौद्यात टोमॅटोचे कॅरेट भरलेत आणि पहाटे चावी फिरवली तर नुसता ‘कट्’ आवाज. अशा वेळी पहिला सल्ला येतो तो बॅटरी बदलण्याचा, दुसरा सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) उतरवण्याचा. दोन्ही थोडे लांबवा. इतक्या कमी वापरात सेल्फचे कार्बन सहसा झिजत नाहीत आणि अल्टरनेटरही (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो) सहसा जळत नाही. या वयाच्या गाडीत दोष बहुधा जोडणीत सापडतो. सैल टर्मिनल, रंगावर बसवलेला अर्थ (बॅटरीचा निगेटिव्ह चेसिस आणि इंजिनाला जोडणारी वायर), यार्डात महिनोन्‌महिने उभी राहून अर्धी उतरलेली बॅटरी, बाहेरून जोडलेल्या लाइटची किंवा टेपची वायर, उंदराने कुरतडलेला हार्नेस (गाडीतल्या वायरांचा जुडगा). यातले बरेच काही साध्या मल्टिमीटरने घरच्या घरी कळते. वॉरंटी चालू असताना तर मोजमाप आधी झालेच पाहिजे, कारण पार्ट एकदा बाहेर उघडला की शोरूमला नाही म्हणायला जागा मिळते.

पुढची माहिती १२ व्होल्टच्या डिझेल पिकअपसाठी आहे: बोलेरो पिकअप, योद्धा, इंट्रा, दोस्त या वर्गातल्या गाड्या. फ्यूजची जागा आणि क्रमांक मॉडेलप्रमाणे बदलतात. ते मालकाच्या पुस्तिकेत आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतून छापलेले असतात.

१. गाडीत काय असायला हवे

डिजिटल मल्टिमीटर (१० अँपिअर डीसी मोजणारा), १० नंबरचा पाना, टेस्ट लॅम्प, पितळी तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर, पेट्रोलियम जेली, गाडीत आहेत त्याच रेटिंगचे दोन-दोन जादा फ्यूज, टॉर्च आणि जाड तांब्याची जंपर केबल. रस्त्यावर मिळणारी बारीक जंपर केबल डिझेल इंजिनाला पुरत नाही. बाहेरून जाड दिसली तरी आत नुसते रबर असते. घेताना टोकाकडून तांबे बघूनच घ्या.

काम सुरू करण्याआधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. हातातले कडे, अंगठी काढून ठेवा. बॅटरीजवळ बिडी-सिगारेट, काडी अजिबात नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढायचा, जोडताना निगेटिव्ह शेवटी. उलट केले आणि पॉझिटिव्हवर असलेला पाना बॉडीला लागला, तर ठिणगी तिथेच पडते. डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची) टाकी असलेल्या गाडीत चावी बंद केल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून मगच बॅटरी सोडवा. पंप तेवढ्या वेळात पाइपमधले द्रव परत टाकीत ओढतो. मध्येच वीज तोडली तर ते पाइपात सुकून खडे धरतात.

२. आधी लक्षण नीट पकडा

‘स्टार्ट होत नाही’ या एकाच तक्रारीखाली चार वेगळे आजार लपलेले असतात.

चावी फिरवली, डॅशबोर्डच्या मीटरवर एकही दिवा लागला नाही: टर्मिनल, मुख्य फ्यूज किंवा पूर्ण उतरलेली बॅटरी.

दिवे लागतात, पण सेल्फ मारताच मंद होतात आणि ‘कटकटकट’ असा भराभर आवाज येतो: बॅटरी उतरलेली आहे किंवा करंट वाटेत अडतो आहे.

दिवे उजळ राहतात, एकदाच ‘कट्’ होते किंवा काहीच होत नाही: सेल्फचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच), सोलेनॉइड (सेल्फवरचा मोठा विजेचा स्विच), क्लच स्विच किंवा अर्थ. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. पायाखाली जादा मॅट टाकली की पेडल शेवटपर्यंत जात नाही आणि तेवढ्यासाठी गाडी टो करून नेली जाते.

सेल्फ जोमाने फिरतो, इंजिन पकडत नाही: बॅटरी ठीक आहे, थेट सहाव्या पायरीवर जा.

एक इशारा. बॅटरीचा व्होल्टेज खाली गेला की एबीएस, इंजिन, एअरबॅग असे चार-पाच दिवे एकदम लागू शकतात. त्यावरून कुणी सेन्सर बदलायला निघाले तर थांबवा. बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा पाहिल्याशिवाय त्या दिव्यांवर विसंबायचे नाही.

३. बॅटरी: हे आकडे लिहून ठेवा

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, सेल्फ मारण्याआधी, दोन्ही शिशाच्या खांबांवर मल्टिमीटर धरा.

१२.६ व्होल्ट किंवा जास्त: पूर्ण चार्ज.
१२.४: साधारण तीन चतुर्थांश.
१२.२: निम्मी.
१२.० आणि खाली: जवळपास रिकामी.

मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा पाहत राहा. ९.६ व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरी भार पेलत नाही. आधी १२.६ दाखवत होती आणि सेल्फ मारताच ८ वर आली, तर आतला एखादा सेल गेला असे समजा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये निदान अर्धा मिनिट जाऊ द्या. नवा सेल्फ जळतो तो बहुतेक या चुकीनेच.

गाडी स्टार्ट झाल्यावर हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. इंजिन चालू असून आकडा १२.५च्या आसपास रेंगाळत असेल तर चार्जिंग होत नाही. १५च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे, आणि तशीच चालवली तर ईसीयूसकट (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरसकट) सगळे धोक्यात येते. चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि सोबत तापमानाचा काटाही वर चढू लागला तर जागीच बाजूला घ्या. पट्टा तुटल्याची ती खूण आहे आणि बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असतो.

इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून ‘डायनॅमो तपासणे’ ही जुन्या गाड्यांची पद्धत बीएस-६ गाडीवर करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज झटक्यात वर उसळतो आणि ईसीयू जाऊ शकतो. तोच सगळ्यात महाग पार्ट.

नव्या गाडीतली बॅटरी नवी असतेच असे नाही. गाडी कारखान्यातून निघाल्यावर यार्डात आणि शोरूमच्या आवारात बराच काळ उभी राहू शकते. तेवढ्यात बॅटरी आपोआप उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरते. मग कितीही चार्ज केली तरी क्षमता पूर्ण परत येत नाही. म्हणून डिलिव्हरी घेतानाच बॅटरीवरचा तारखेचा कोड आणि अनुक्रमांक यांचा फोटो काढा. बॅटरीची वॉरंटी बहुधा गाडीच्या वॉरंटीपासून वेगळी असते आणि ती बॅटरी बनवणारी कंपनी देते. त्या कार्डावर विक्रीची तारीख आणि शिक्का शोरूमने त्याच दिवशी घालून द्यायला हवा. नंतर कार्ड सापडत नाही आणि वाद तिथेच अडतो.

४. टर्मिनल आणि अर्थ: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

टर्मिनल हाताने पिळून पाहा. किंचितही हलले तर सैल आहे. मीटरवरचे दिवे लागायला थोडाच करंट लागतो, तो सैल टर्मिनलमधूनही जातो. सेल्फला दीडशे-दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त लागतात, ते जात नाहीत. म्हणून ‘लाइट तर लागतेय, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हा निष्कर्ष कामाचा नाही.

आता अर्थ. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा. खांबावर म्हणजे मधल्या शिशावर, क्लॅम्पवर नव्हे. लाल प्रोब इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा, रंग नसलेला एखादा बोल्ट चालेल. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ चांगला. ०.५, ०.८, १ असा वर गेला तर तेवढा व्होल्टेज वाटेतच खर्च होतो आहे. काळा प्रोब आता खांबावरून क्लॅम्पवर आणा आणि पुन्हा सेल्फ मारा. आकडा एकदम खाली आला तर दोष खांब आणि क्लॅम्प यांच्यातच आहे. तिथे ब्रश मारा, घट्ट करा, वरून जेली लावा, काम झाले. आकडा तेवढाच राहिला तर केबलच्या दुसऱ्या टोकाकडे जा: चेसिसचा बोल्ट आणि चेसिस ते इंजिन जाणारी जाड पट्टी. पॉझिटिव्ह बाजू अशीच तपासता येते. लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, काळा सेल्फच्या जाड नटवर, सेल्फ मारताना ०.५च्या आत. ती जागा इंजिनाच्या खाली असते आणि तिथे कायम करंट असतो. सवय नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्या, पण तुमच्या समोर.

अर्थ बिघडतो कसा, हे पिकअपच्या बाबतीत समजून घ्यायला हवे. पुष्कळ गाड्या केबिन-चेसिस म्हणून घेतल्या जातात आणि हौदा, कंटेनर किंवा ताडपत्रीचा सांगाडा बाहेर बांधला जातो. बांधणारा शेवटी चेसिसवर काळा रंग फवारतो आणि अर्थचा बोल्ट रंगासकट आवळला जातो. भोक पाडताना ड्रिल हार्नेसच्या अंगावरून जाते. बॅटरी न सोडवता वेल्डिंग केले तर तो करंट ईसीयूतून वाट काढू शकतो. बॉडी बांधायला देतानाच तीन गोष्टी सांगून ठेवा: वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टर्मिनल काढायची, वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प वेल्ड होणाऱ्या जागेच्या अगदी जवळ लावायचा, आणि अर्थ बोल्टवर रंग मारायचा नाही. चुकून बसलेला रंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि मग वरून जेली किंवा रंग लावा.

कोकणात मासळी वाहणाऱ्या गाड्यांना वेगळी काळजी लागते. बर्फ वितळून निघणारे खारे पाणी हौद्याच्या सांध्यातून थेट चेसिसवर टपकते आणि खाली मागच्या दिव्यांचे कनेक्टर असतात. काही महिन्यांतच पितळी पिनांवर हिरवा थर धरतो. ब्रेक मारला की इंडिकेटर मिणमिणतो किंवा टेल लॅम्प मंद होतो, तेव्हा मागच्या दिव्यांचा अर्थ गेला असे समजा. हौद्याला पाणी एका बाजूला काढणारी नळी बसवा आणि दर खेपेनंतर चेसिस गोड्या पाण्याने धुवा. मात्र प्रेशरचा फवारा फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर आणि कनेक्टरवर मारू देऊ नका. ‘काल धुतली, आज स्टार्ट होईना’ ही तक्रार त्यातूनच येते.

५. रात्रीत बॅटरी उतरते

संध्याकाळी ठणठणीत, दोन दिवस उभी राहिली की मेलेली. काहीतरी बंद गाडीतही करंट खाते आहे. संशयित बहुतेक वेळा नंतर बसवलेल्या वस्तूच असतात: टेप, अॅम्प्लिफायर, हौद्यातली एलईडी पट्टी, रिव्हर्स कॅमेरा, जीपीएस ट्रॅकर, कायम खोचलेला मोबाइल चार्जर.

मोजायची पद्धत: चावी काढून गाडीपासून लांब ठेवा, काच खाली करा, दारे बंद करा. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवून लाल प्रोब काढलेल्या केबलला आणि काळा प्रोब खांबाला लावा. अर्धा तास थांबा, कारण गाडीतले कंट्रोलर हळूहळू झोपतात. आता ०.०५ अँपिअरच्या आत आकडा हवा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही आणि हेडलाइट लावायचे नाहीत, मीटरचा फ्यूज उडतो.

आकडा ०.५ आला तर हिशेब करा. दिवसाला १२ अँपिअर-तास गेले. ७० अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत निम्म्यावर येते, आणि थंडीत निम्म्या बॅटरीवर डिझेल इंजिन उचलत नाही. एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडला त्या वाटेवर चोर आहे. एकाही फ्यूजने पडला नाही तर वायर थेट बॅटरीवरून घेतलेली आहे, किंवा अल्टरनेटरचा डायोड गळतो आहे.

जादा वस्तू बसवायचीच असेल तर मूळ हार्नेसला दाते रुतवणारी क्लिप लावून नाही. बॅटरीवरून स्वतंत्र वायर घ्या, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज बसवा आणि चावीसोबत बंद होणारा रिले घाला. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालणे म्हणजे वायर जळू देणे, १५चा उडत असेल तर तिथे ३० घालायचा नाही.

कांद्याच्या चाळीजवळ, धान्याच्या गोदामाशेजारी गाडी उभी राहत असेल तर बोनेट उघडून टॉर्चने हार्नेस पाहा. लेंड्या, कापसाचे तुकडे, कुरतडलेली प्लास्टिकची नळी दिसली की फोटो काढा. उंदरांचे नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत. विम्यात धरतात की नाही ते पॉलिसीच्या अटी आणि घेतलेल्या जादा कव्हरवर अवलंबून आहे, त्यामुळे वायर जोडण्याआधी विमा कंपनीला कळवा.

६. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही

मीटरवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप) चावी ओळखत नाही. दुसरी चावी लावून पाहा. एकाच कड्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती बाजूला करा.

थंडीत हीटर प्लगचे वेटोळ्यासारखे चिन्ह विझेपर्यंत थांबा. नाशिक, महाबळेश्वरच्या पहाटे हे दोन-चार सेकंद महत्त्वाचे असतात.

डिझेल पूर्ण संपवून मग भरले असेल तर लाइनमध्ये हवा अडकते. सेल्फ मारत बसू नका, पुस्तिकेतल्या पद्धतीने हवा काढा. फिल्टरमध्ये पाणी आल्याचा दिवा लागला असेल तर ते पाणी काढल्याशिवाय गाडी चालवू नका, कॉमन रेलचे (डिझेल जास्त दाबाने पुरवणाऱ्या नळीचे) इंजेक्टर पाण्याने जातात.

डीईएफ असलेल्या काही मॉडेलमध्ये टाकी पूर्ण रिकामी झाली की एकदा बंद केलेले इंजिन पुन्हा चालू होत नाही, किंवा ताकद कमी होते. त्यात ३२.५ टक्के युरियाचे सीलबंद द्रव सोडून काहीही घालायचे नाही, पाणी तर नाहीच.

यापैकी काही नसेल तर स्कॅनर लावावा लागेल. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचे सर्किट, पी००८७ म्हणजे रेलमधला दाब कमी. कोड सर्किट सांगतो, पार्ट सांगत नाही. पी०३३५ आला म्हणून सेन्सर बदलण्याआधी त्याची वायर आणि कनेक्टर तपासायलाच हवेत.

७. रस्त्यात जंपर लावताना

मदतीला थांबलेला मोठा ट्रक बहुधा २४ व्होल्टचा असतो. त्याच्यावरून जंपर घेऊ नका, पिकअपची इलेक्ट्रॉनिक्स एका झटक्यात जातात. १२ व्होल्टची कार, जीप, दुसरी पिकअप चालेल.

क्रम असा: लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लालचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, काळीचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या जाड धातूला, बॅटरीपासून लांब. चांगली गाडी पाच मिनिटे चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना उलट क्रम.

धक्का मारून चालू करण्याचा उपाय बॅटरी पूर्ण बसलेली असेल तर चालत नाही, कारण ईसीयू आणि इंजेक्टरलाच वीज मिळत नाही.

८. शोरूममध्ये

सोबत न्या: आरसी, विक्रीचे बिल, वॉरंटी पुस्तिका, बॅटरीचे कार्ड, आधीची सर्व जॉब कार्डे, तुम्ही लिहिलेले आकडे आणि लक्षणाचा मोबाइलवरचा व्हिडिओ. व्हिडिओ फार उपयोगी पडतो, कारण शोरूमच्या आवारात गाडी हटकून पहिल्या सेल्फला चालू होते.

जॉब कार्डावर ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका. तुमच्या शब्दांत लिहून घ्या: ‘सकाळी थंड असताना सेल्फ लागत नाही, एकच आवाज येतो, दिवे उजळ राहतात, आठवड्यात तीनदा.’ किलोमीटर आणि तारीख त्यावर हवीच. गाडी परत घेताना काय तपासले, काय बदलले, बॅटरी टेस्टरची स्लिप, स्कॅनचा अहवाल मागा. बॅटरी एकदा चार्ज करून ‘ओके’ म्हणून गाडी दिली तर ती का उतरली, हे लेखी विचारा. कारण न शोधता चार्ज केलेली बॅटरी पुन्हा उतरतेच.

‘बाहेरचा टेप बसवलाय, वॉरंटी गेली’ असे म्हटले तर त्या टेपच्या वायरिंगचा या बिघाडाशी संबंध कसा, ते लेखी मागा. आधीच पाचव्या पायरीची चाचणी टेपचा फ्यूज काढून केलेली असेल तर तुमच्याकडे उत्तर तयार असते.

९. तरीही सुटले नाही तर

आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल करा, सगळी जॉब कार्डे जोडून. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, जिथे ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूंच्या तक्रारी चालतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज हवा. मोबदला ५ ते १० लाखांत असेल तर शुल्क २०० रुपये, १० ते २० लाखांत ४००.

पिकअपवाल्यांनी एक मुद्दा नीट लक्षात घ्यावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला संरक्षण देत नाही, पण स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. समोरचा वकील पहिला आक्षेप हाच घेतो. म्हणून तक्रारीत स्पष्ट लिहा की गाडी उपजीविकेसाठी घेतली आणि तुम्ही स्वतः चालवता. सोबत स्वतःच्या नावाचा परवाना आणि कर्जाचे कागद जोडा. विक्रेता आणि कंपनी, दोघांनाही पक्षकार करा. दोष दिसण्यासाठी तपासणी लागणार असेल तर आयोग गाडी किंवा पार्ट प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तोवर तो पार्ट बाहेर उघडू नका आणि बदललेला जुना पार्ट शोरूमने ठेवून घेतला असेल, तर तशी नोंद जॉब कार्डावर सहीनिशी घ्या.